पाण्यानं लिहिलेली बारामती

निमगाव केतकीच्या प्रौढ वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘अ’ काढला, वळून बघितलं, तर अकरापैकी नऊ विद्यार्थी झोपलेले. दहावे तात्या, ते झोपलेल्यांना टोपीनं वारा घालत होते. घोरणं असं की शाळेचे पत्रे तालात वर-खाली होत होते आणि पत्र्यावरचं कबुतर हिंदोळ्यावर बसल्यासारखं डुलत होतं. यात कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यानं कबुतराला विचारावं.

चूक माझी. जन्मभर शाळेत पोरं शिकवली, निवृत्त झालो आणि वाटलं, मोठी माणसं म्हणजे मिशा असलेली पोरं. पण पोराला ओरडता येतं. सकाळपासून टोमॅटो तोडून, वैरण कापून दुपारी चारला वर्गात टेकलेल्या बाईला काय ओरडणार? निरवांगीहून मोटारसायकलवर मी येईपर्यंत माझेच डोळे मिटायला लागायचे.

शिकायला जागी होती ती अकरावी, एकटी आक्का. साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की खडू आपोआप सरळ चालावा.

“मास्तर,” ती म्हणाली, “मला अ न्हाय पायजे. बारामती पायजे.”

“समदी बारामती?” तात्यांनी टोपी थांबवून विचारलं.

“गप बसा तात्या. यष्टीच्या पाटीवरची.”

झालं होतं असं. आक्काची लेक बारामतीत दिलेली. सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण होतं. आक्का करंज्यांची पाटी घेऊन स्टँडवर गेली, मोबाईलमध्ये मान घातलेल्या एका गृहस्थाला विचारलं, त्यानं मान वर न करता बोट दाखवलं, आणि आक्का उतरली ती थेट इंदापुरात. म्हणजे बरोबर उलट्या दिशेला! परत फिरेपर्यंत तिकडं ओटी भरून झाली होती. करंज्या इंदापूरच्या स्टँडनं खाल्ल्या. ते स्टँड अजून ढेकर देतं म्हणतात.

“आता बारशाला मी एकटी जाणार,” आक्का म्हणाली. “पोराच्या गाडीवर न्हाय, कुणाला इचारून न्हाय. पाटी वाचीन तवाच बसंन. न्हाय वाचता आली तर न्हाय जायाचं.”

लेकीचे दिवस भरायला दोन महिने होते. बाळ काही मास्तरांच्या सोयीनं थांबत नाही.

मग मी नाना उपाय केले. टोमॅटोच्या क्रेटवर अक्षरं चिकटवली, त्या रात्री क्रेट बाजारात गेले आणि माझी अर्धी बाराखडी पुण्याला पोचली. जात्यावरच्या ओव्यांत अक्षरं गुंफली. बायका इतक्या रंगल्या की अक्षरं बाजूला राहिली आणि सासवांची नावं निघाली. तात्यांना कंडक्टर करून पिशवी दिली, पाटी घेऊन वर्गभर फिरवलं. तात्या त्या भूमिकेत असे शिरले की बायकोलासुद्धा “पुढं सरका, पुढं सरका” म्हणाले आणि दोन दिवस घराबाहेर जेवले. झोपा उडाल्या हे खरं. पण आक्काला ‘बा’ आणि ‘रा’ आज कळायचे आणि उद्या पुसले जायचे.

“हातात ऱ्हाईना मास्तर,” ती एकदा हिरमुसून म्हणाली. “खुरप्याचा हात हाय ह्यो. पेन्शिल म्हंजी गवताची काडी वाटती.”

त्या दिवशी परत जाताना तात्या त्यांच्या रानात दारं धरताना दिसले. एका सरीत पाणी भरलं की खोऱ्यानं तिचं तोंड बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. वर आडवा पाट आणि त्याला खाली लोंबणाऱ्या सऱ्या. मी गाडी तिथंच टाकली. अहो, ही तर आमची देवनागरी! वर आडवी रेघ आणि तिला लोंबणारी अक्षरं!

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग खोरी घेऊन तात्यांच्या रिकाम्या रानात. मी पांढऱ्या फक्कीनं आखलं, त्यांनी खोदलं. ‘बारामती’ एवढी मोठी की ‘म’ ओलांडताना मध्ये पाणी प्यायला थांबावं लागे. विमानातले लोक खिडकीतून वाचून उतरायची तयारी करत असावेत. पाणी सोडलं, ते आडव्या पाटातून खळखळत अक्षरात उतरलं, आणि आक्का लुगडं खोचून त्याच्या मागोमाग अनवाणी चालत निघाली. झोप? ज्यांना वर्गात उठवायला मला तांब्या लागायचा ते “माज्या रेघंचं दार कुणी मोडलं?” म्हणून भांडायला लागले.

आठवडाभर अक्षरं तुडवून घेतली. मग परीक्षा घेतली. फळ्यावर बारामती लिहिलं. आक्का उठली, जागच्या जागी पावलं टाकली आणि खणखणीत वाचलं, “ती-म-रा-बा!”

आणि मागून साऱ्या वर्गानं कोरस धरला, “तीमराबा!”

मी डोक्याला हात लावला. तात्यांच्या रानाला कालव्याची चारी उजव्या बाजूला. पाणी उजवीकडून यायचं, आणि ही माणसं पाण्याच्या तोंडापासून सुरुवात करणार, दुसरीकडून कशाला करतील?

“आक्का, डावीकडून वाचायचं.”

“पानी उजवीकडनं येतंया की!”

“मास्तर,” तात्या गंभीरपणे म्हणाले, “कालव्याच्या सायबाला अर्ज देऊ. पानी डावीकडनं सोडा म्हनून.”

अर्जाची गरज पडली नाही. चारीच्या पलीकडं तात्यांच्याच भावाचं रान होतं, तिथं पाणी डावीकडून यायचं. पुन्हा खोदलं, पुन्हा तुडवलं. शेजारी ‘इंदापूर’ही खोदलं. त्यात मात्र आक्का पाऊल घालीना.

“माज्या करंज्या खाल्ल्या त्या गावानं. मी तिकडं पाय ठेवायची न्हाय.”

मी म्हटलं, राहू दे. ही चूक पुढं भोवणार होती.

नातू झाला. बारशाच्या दिवशी सकाळी आक्का बाळंतविड्याचं बोचकं घेऊन स्टँडवर उभी, आणि मी रसवंतीच्या मागं लपलेला. पाळणा दुपारी बाराला. बातमी फुटलेली होती, त्यामुळं स्टँडवर निम्मा वर्ग आणि तात्या.

पहिली गाडी आली. आक्कानं हात वर केला, “कुनी सांगू नगा!” स्टँड चिडीचूप. भजीवाल्यानं तळण थांबवलं. आक्का पाटीसमोर उभी राहिली, पावलं हलवायला लागली.

“ती... म... अगं बया, उजवीकडनं न्हाय!” तिनं मान झटकली, डावीकडं वळली, “बा...” आणि गाडी निघून गेली.

माझा उसाचा रस घशात अडकला. ती बारामतीचीच गाडी होती! तात्यांनी टोपी तोंडात कोंबली होती, ओरडू नये म्हणून.

आक्का बोचक्यावर बसली, अंगठ्यानं धुळीत रेघा ओढत राहिली. तासाभरानं दुसरी आली. लोक चढले. आक्का पाटीपुढं गेली, पाऊल उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

“ह्यात पाय जाईना,” ती म्हणाली. “ही माजी न्हाय.”

ती इंदापूरची होती. स्टँडवर टाळ्या पडल्या. ड्रायव्हरला वाटलं त्याच्यासाठीच, त्यानं हात जोडले.

अकराला जेमतेम तिसरी आली. आक्का उठली. डावीकडून, पाण्याच्या तोंडापासून, चार अक्षरांवरून पावलं अशी गेली जशी हिरव्या रानातून जातात.

“बा-रा-म-ती!”

“आजी, नाचून झालं असंल तर बसा,” कंडक्टर म्हणाला.

“नाच न्हाय, वाचन हाय ते!” आक्का म्हणाली आणि चढली. खिडकीतून रसवंतीकडं बघून ओरडली, “मास्तर, या आता बाहीर! तंगड्या दिसत्यात!”

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभाच होतो. पाळण्यात बाळ ठेवायला आणि आक्का दारात यायला एकच गाठ पडली म्हणे. बाळंतविडा वेळेत पोचला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

“मास्तर, यायचं कुठं शिकिवलं तुमी?”

“म्हणजे?”

“हितल्या स्टँडवर दोन दिस उबी ऱ्हाऊन माघारी आले. निमगावची पाटीच न्हाय.”

“आक्का, निमगाव वाटेत लागतं. इंदापूरच्या गाडीत बसायचं.”

“माज्या करंज्या खाल्लेल्या गावाच्या गाडीत?”

“नाहीतर कुणाला तरी विचारून बसा की...” मी चाचपडत म्हटलं.

“ते जमायचं न्हाय.” मागून बाळाचं रडणं, लेकीचं हसणं ऐकू आलं. “मास्तर, इंदापूरला पाट वरच आडवा ना? मंग सांगा पयली रेघ कुठनं खोदायची. इहीणबाईंचं अंगण मोठं हाय, नळ डावीकडं हाय.”

मी सांगत गेलो. पलीकडून खोऱ्याचा आवाज आणि विहीणबाईंचा आरडाओरडा येत राहिला, “अवो, माजी तुळस! तुळशीच्या खालनं कशाला नेताय?”

“‘पू’चा उकार हाय त्यो,” आक्काचा आवाज आला. “नळ सोडा.”