मिटलेल्या डोळ्यांची बाई

लातुरात आमचं फ्रेमचं दुकान होतं. भूकंपानंतर दोनेक वर्षं आम्ही गेलेल्या माणसांचेच फोटो मढवत होतो. पुढं क्लासेसचं पेव फुटलं, तशी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो यायला लागले. काच तीच, माणसं बदलली.

एक दिवस माझे शाळेतले चित्रकलेचे सर कापडात गुंडाळलेलं चित्र घेऊन आले. अब्बांना म्हणाले, "विकायला ठेवा."

सरांच्या चित्रात जे दिसायचं त्याच्यामागं दुसरंच काही असायचं, आणि अर्थ विचारला की ते चिडायचे. या चित्रात एक बाई होती. डोळे मिटलेले, केसांतून ज्वारीची कणसं उगवलेली, तळहातावर विझलेला दिवा. हिचा अर्थ मला विचारावा लागला नाही. सरांच्या बायको माहेरी गेल्या होत्या, तिथंच भूकंपात झोपेत गेल्या. लग्नाचे फोटोही त्याच घरात गाडले गेले. आता त्यांचा चेहरा म्हणून काय उरलं होतं, तर एवढं चित्र.

सरांचं दुसरं लग्न ठरलं होतं. "नव्या माणसाला त्रास नको," एवढंच म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. अब्बांनी डोळे वटारले म्हणून मी काचा पुसायला लागले.

पंधरा दिवसांनी सर दुकानात आलेले असताना एका क्लासवाल्याला चित्र पसंत पडलं. "झकास हाय. फक्त डोळे उघडे करा, हातात वीणा द्या. सरस्वती म्हणून हॉलमध्ये लावतो." सर चित्र उचलून चालू पडतील असं मला वाटलं. पण त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि शुक्रवारी रंग घेऊन येतो म्हणाले. तोवर त्यांचं लग्नही झालं होतं.

शुक्रवारी सरांच्या आधी त्यांची नवी बायको आली. जळकोटकडची, हातात हिरवा चुडा. सरांनी इथं ठेवलेलं चित्र दाखवा म्हणाली. मी दाखवलं, आणि क्लासवाल्याचं सगळं सांगून टाकलं. तिला टोचावं म्हणूनच सांगितलं.

तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि चित्रातल्या मोकळ्या कपाळावर बोट टेकवलं.

"अहो, रंग खराब हुईल," अब्बा घाबरले. "गिऱ्हाईक ठरलंय."

"सवाशीण गेली हाय ती, चाचा. पहिलं कुंकू तिचं, मग माझं." तिनं गळ्यातला चांदीचा छोटा टाक पुढं धरला. "हा तिच्या नावाचा. आमच्यात दुसरीनं घालायचा असतो. गळ्यात वागवतेच की मी, मग भिंतीवर जड व्हईल का?"

सर ब्रश घेऊन दारात उभे होते. तिनं त्यांना पाहिलं.

"डोळे नका उघडू तिचे," ती हळूच म्हणाली. "लई दमलेली दिसती. झोपू द्या."

सर पायरीवर बसले आणि रडले. अब्बांनी चित्र उतरवलं. टोचायला निघालेली मी खाली मान घालून कापड गुंडाळू लागले, तर ती म्हणाली, "तोंड नको झाकू गं."

रिक्षात तिनं चित्र मांडीवर उभं धरलं. सर शेजारी बसले. तिघं घरी गेली.