भाऊजींचा अंगठा

माझे भाऊजी घरात शिरताना सासूला नमस्कार करायच्या आधी ओट्यावरच्या माझ्या सायकलचं टायर अंगठ्याने दाबत आणि मला न विचारता हवा सोडून देत. तो फुस्स आवाज ऐकला की माझं डोकं फिरायचं. पण माणूस पडला घरचा जावई. आमच्या आर्वीत जावयाला उलट बोलणारा साळा अजून जन्मला नाही, निदान माझ्या आईच्या पोटी तरी नाही.

सिंदीच्या एका जिनिंगमध्ये कापूस चिमटीत धरून त्याची प्रत सांगणं हे त्यांचं काम. त्यामुळे आपल्या अंगठ्याला देवाने वेगळं डोकं दिलंय, असा त्यांचा समज होता. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. रविवारी आम्ही चार-पाच जण गावापुढच्या टेकडीवर सायकली ढकलत नेतो आणि दगडगोट्यांच्या वाटेने सुसाट खाली येतो. हा नाद त्यांनीच मला लावला आणि मग त्यात माझं काही चालू दिलं नाही. एकदा तरी ती टेकडी माझ्या मनाच्या हवेवर उतरायची, एवढीच माझी इच्छा होती.

एकदा मी हौसेने मऊ रबराचं, मोठ्या बटणांचं, दगडावर घट्ट पकड धरणारं महागडं टायर आणून मागे बसवलं. भाऊजींनी दोन्ही चाकं खोलून ते पुढे टाकलं. "मांगून घसरला त कपडे मळतात. समोरून घसरला त तोंड फुटते. तुह्यं तोंड तसंही पाहण्यासारखं नाई, पण पोरगी पाह्यची हाये अजून." हे सगळ्यांसमोर.

माथ्यावर पोहोचलो की ते प्रत्येकाला विचारत, "काय खाऊन आला?" उपाशी असेल त्याची हवा कमी, चापून आलेल्याला पंपाचे चार दणके जास्त. "टायरले तुह्यं नाव नाई समजत, वजन समजते. जास्त भरली त दगडावरून उडशीन, कमी भरली त रिम दगडाले लागन." मी हवा मोजायचं गेज आणलं, तर ते त्यांनी खिशात घातलं आणि परत दिलं नाही. असा माणूस.

मग अधिक महिना आला. आईने जावयाला धोंडे-अनारसे खाऊ घातले. "नको" म्हणायची सोय नव्हती. "जावईबापू, पानात टाकू नका," आई म्हणत होती आणि वाढत होती. वर वाणाचं तांब्याचं ताट, अनारशांचा डबा. वाण घरी पोहोचेपर्यंत खाली ठेवायचं नाही हा आईचा नियम, म्हणून ते सगळं पाठीला बांधून भाऊजी टेकडीवर आले. त्यांनी आमची पोटं विचारली, स्वतःचं विसरले. पहिल्याच मोठ्या दगडावर पुढची रिम आदळली, टायर रिमवरून सुटलं आणि भाऊजी, ताट आणि अनारसे मुरमावर पसरले. उजवा अंगठा मुळापासून मोडला.

अंगठा जुळला, पण वाकेना, आणि त्याला काही कळेना. जिनिंगवाल्यांनी त्यांना वजनकाट्यावर बसवलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन रविवार.

परवा ते चपला घालून, सायकल न घेता टेकडीवर आले. सवयीने माझ्या टायरवर अंगठा ठेवला, बराच वेळ ठेवला आणि काढला.

"दाब बरं तू."

मी दाबलं. "कडक हाये, भाऊजी."

"काय खाऊन आला?"

"एक भाकर."

"मंग सोड थोडी. काऊन थांबला?"

मी थांबलो होतो, कारण आता मी कितीही हवा ठेवली असती तरी त्यांना कळणार नव्हतं. इतकी वर्षं हेच तर मागत होतो. मी झडपेवर नख टेकवलं आणि त्यांच्या अंगठ्याने जेवढी सोडली असती तेवढीच सोडली.

अवघड वळणावर पुढचं चाक जमिनीला धरून राहिलं. पायथ्याशी उतरून मी त्या माणसाला मनातल्या मनात मनसोक्त शिव्या घातल्या. वरून त्यांचा दांडगा आवाज आला, "समोरून घसरली काय रे?"

"नाई, भाऊजी," मी ओरडलो.