दोन्ही बाजूंची भाषणं मीच लिहिली

आमच्याकडं वादविवाद स्पर्धा कशी असते ते आधी सांगतो. पोरं वाद घालत न्हाईत, विचार तर बिलकुल करत न्हाईत. मराठीचा मास्तर दोन्ही बाजूंची भाषणं लिहून देतो, चिठ्ठ्या टाकतो, ज्याला जी बाजू निघेल ती त्यानं घोकायची. भोकरदनच्या शाळेत वीसेक वर्षं हा उद्योग मी करून राह्यलो, आणि बहुतेक वर्षी ढाल आणली. जळो ती ढाल.

दोन वर्षांमागं विषय आला, ‘निर्वासितांना देशात प्रवेश द्यावा का?’ अनुकूल बाजूचं भाषण मी उरकून टाकलं. पाहुण्याला देव मानणारी आपली संस्कृती वगैरे, दोन पानं गुळमुळीत. प्रतिकूल बाजूला मात्र हात सैल सोडला. टाळ्या कुठं पडतात हे मला बराबर माहीत. टीव्हीवर दिवसभर जे ओरडतात तेच शुद्ध मराठीत मांडलं: त्यांचा धर्म, त्यांचे मनसुबे, स्फोट. शेवटी एक वाक्य घातलं, ‘दारात आलेल्याचे अश्रू सगळ्यांना दिसतात, त्याच्या पिशवीत काय आहे, हे कोण बघणार?’ लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झालो. भीती खोटी असते असं मी आजही म्हणत न्हाई. बॉम्ब फुटतात, माणसं मरतात, सरकारनं तपासूनच माणूस आत घ्यावा. पण मला कुठं देशाची काळजी लागून राह्यली होती! मला नंबर पाहिजे होता.

प्रतिकूलची चिठ्ठी निघाली नववीतल्या एका पोरीला. बाप फरशी बसवणारा, बंगालमधल्या मालद्याकडचा, मुसलमान. पोरगी पहिलीपासून आमच्याच गावात शिकलेली. बोलताना आमच्यासारखंच ‘मंग’ अन् ‘न्हाई’, पण स्टेजवर चढली की मराठी अशी खणखणीत की आमच्या पाटलांच्या पोरांनी तोंडात बोटं घालावीत. चिठ्ठी बघून मी क्षणभर चपापलो. परत घडी घालून दुसरी काढायला लावता आली असती. पण शाळेत तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तालमीच्या वेळी ती मध्येच थांबली. “सर, हे खरं आहे का?”

मी म्हणालो, “खरं-खोटं मरू दे. शेवटच्या वाक्याला बोट वर कर आणि आवाज चढव.”

तिनं चढवला. पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी बाप पेढे घेऊन शाळेत आल्ता. त्याला शुद्ध मराठीतलं भाषण अर्धंमुर्धं कळलेलं, पण पोरीचा फोटो त्यानं चार-चारदा मला दाखवला.

भाषण कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. आठ दिवसांत ते गावभर फिरलं. खाली लिहिलेलं, ‘बघा, त्यांचीच पोरगी सांगून राह्यली.’ मंग टवाळांना खेळच मिळाला. बाप खांद्याला हत्याराची पिशवी अडकवून कामाला निघाला की चौकातून आवाज यायचा, “चाचा, पिशवीत काय आहे?” तो हसायचा. पहिले काही दिवस सगळेच हसायचे.

एक दिवस टीव्हीवर कुठल्यातरी स्फोटाची बातमी होती. सकाळी मी हॉटेलात चहा घेत बसलो होतो. समोरच त्याला चौघांनी अडवलं आणि पिशवी उघडायला लावली. एकेक वस्तू त्यानं बाकड्यावर मांडली: थापी, हातोडी, सुतळी, लेव्हल, भाकरीचा डबा. डबासुद्धा उघडायला लावला मेल्यांनी. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गावातला मास्तर, त्या चौघांतले दोघं माझ्या हाताखाली शिकलेले, एक शब्द टाकला असता तर पांगले असते. मी बशीत चहा ओतला आणि फुंकत बसलो.

मी कोण, तेही सांगून टाकतो. आमचं घर बौद्ध. नोकरीला लागलो तेव्हा खोली बघत हिंडलो, तर माझं आडनाव ऐकून तीन दारं लागली होती. ती दारं मला अजून पाठ आहेत. एवढं असून मी मूग गिळून बसलो. दुसऱ्याला काय नावं ठेवू!

मंग कुणीतरी तक्रार केली. पोलिसांनी पोरीच्या बापाचे कागद तपासले, सगळे बराबर निघाले. पण घरमालक म्हणाला, कागदाचं सोडा, मला कटकट नको, पंधरा दिवसांत खोली खाली करा. बाप माझ्या घरी आला. बस म्हटलं तरी बसला न्हाई. “सर, मालक तुमचाच विद्यार्थी आहे. तुमचा शब्द टाळणार न्हाई. एक बार सांगून बघा. पोरीची दहावी होऊ द्या फक्त.”

“बघतो,” म्हणालो.

घरमालकाचं घर माझ्यापासून चार घरं सोडून. पंधरा दिवस मी त्याच्या दारावरून शाळेत गेलो आणि आलो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. लोक म्हणतील, मास्तरला काय पुळका आला? खरं सांगायचं तर मी भ्यालो.

सोळाव्या दिवशी पोरगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. बाप बाहेर टेम्पोपाशी उभा होता. कारणाच्या रकान्यात कारकुनानं ‘पालकांचे स्थलांतर’ लिहिलं होतं. त्याच्यामागं कपाटात तिची ढाल होती. वर्गशिक्षकाच्या सहीसाठी त्यानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “जिथं जाशील तिथं भाषण सोडू नको.”

दाखला ठेवायला तिनं दप्तर उघडलं. कागद आत ठेवला, पण चेन लावली न्हाई. दोन्ही हातांनी दप्तर ताणून माझ्यासमोर धरलं.

“बघून घ्या, सर.”

मी बघितलं न्हाई. मान खाली घातली आणि रजिस्टरवर सही केली.