निरोप आणि लिफ्टचं दार

"काकू, हे दार माणसाला धक्का मारूच शकत नाही," मी ठणकावून सांगत होतो. अमेरिकेत अल्फारेटा गावातल्या एका अपार्टमेंट बिल्डिंगचा चौथा मजला. लिफ्टची सेफ्टी तपासणं हा माझा धंदा. अंगात केशरी जॅकेट असलं की मी ठणकावूनच बोलतो.

कुलकर्णीकाकू पुण्याहून मुलीकडे आलेल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. लिफ्टच्या दारानं दोनदा ढकलल्यावर त्यांनी खाली फिरायला जाणंच सोडलं होतं. पुन्हा पडल्या तर खुबा गेलाच.

मी दारात हात घातला, दार मागे सरकलं. पाय घातला, सरकलं. दाराच्या कडांना अदृश्य किरणांचा पडदा असतो. मध्ये काही आलं की दार उघडतं. "सेन्सर ओके," मी माझ्या बॉसला, ग्रेगला सांगितलं.

काकूंनी तरीही आम्हाला चहा पाजला. मग लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. ग्रेग आत जाऊन उभा राहिला. मी उंबऱ्यावर.

"नागपूरचा का तू? धरमपेठेत माझी नणंद असते!"

"काय सांगता! कुठे?"

बझर वाजायला लागला. "येतो हं काकू," तीनदा हात हलवून म्हणालो, तरी मी तिथेच. नणंदेच्या मुलाचं लग्न निघालं. आणि दारानं मला बाजूनं असं रेटलं की चष्मा ग्रेगच्या पायाशी.

"लागलं का रे?" काकू म्हणाल्या. "म्हणजे, धक्का मारूच शकत नाही म्हणालास म्हणून विचारते."

ग्रेग चष्मा देत म्हणाला, "तू तीनदा बाय म्हणालास. मग गेला का नाहीस?"

आमच्याकडे निरोप असाच घेतात, मी म्हटलं. आणि कोडं सुटलं. दार फार वेळ अडलं की लिफ्ट समजते, सेन्सर बिघडला. मग ती बझर वाजवते आणि सेन्सरला न जुमानता दार हळू पण नेटानं ढकलते. काकूंना दोन्ही वेळा धक्का बसला तो मैत्रिणींना निरोप देताना. हे मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

आम्ही सेटिंग बदललं. आता बझर कितीही वाजो, मध्ये माणूस असेल तर दार हलत नाही. शिवाय मॅनेजरच्या मागे लागून निरोपाच्या गप्पांसाठी लिफ्टशेजारी एक बाक ठेवून घेतला. काकू पुन्हा फिरायला जातात.

मी मात्र टेस्ट एकट्यानं, गप्प उभं राहून केली होती. माणसं लिफ्टशी अशी वागत नाहीत. म्हणून ग्रेगला म्हटलं, यापुढे टेस्टला एखादं बोलघेवडं माणूस बरोबर न्यायला हवं.

"कशाला?" तो म्हणाला. "तू जातोसच की."