कोरड्या नालीची पाहणी

२९ मे. नालेसफाईची पाहणी. यादीत अठरा नाल्या होत्या. ऊन चढायच्या आत निम्म्या तरी उरकाव्यात म्हणून मी सातलाच मुकादमाला घेऊन निघाले.

मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात अभियंता आहे. कुणी शेतात नवा ले-आऊट पाडला की पावसाचं पाणी त्यात कुठून येतं, कुठून जातं, त्याला वाट ठेवली आहे की नाही, हे जागेवर पाहून शेरा लिहायचं काम माझ्याकडे असतं. शेरा बरोबर असला तर पुढे कुणाला त्याची आठवण राहत नाही.

चौथी नाली टेकडीखालच्या ले-आऊटमधली होती. त्याला तीन वर्षांपूर्वी नाहरकत मीच दिली होती. नाला बुजवायचा नाही, त्याच्या जागेवर पक्की नाली बांधायची, अशी अट घातली होती. नाली बांधलेली होती. कमरेइतकी खोल, सरळ, काँक्रीटची.

मुकादम काठावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, ही नाली आपल्याले लय पसंत हाय. साफच करा लागत नाही."

मी खाली उतरले. तळाला थोडी वाळकी पानं होती. गाळ नाही, पिशव्या नाहीत, एक तुटकी चप्पलसुद्धा नाही. भिंतींवर पाण्याची एकही रेघ नव्हती. गवंड्याच्या थापीचे फटकारे काल मारल्यासारखे दिसत होते. वरून तीन पावसाळे गेले होते. मी हात फिरवला आणि का कोण जाणे, लगेच काढून घेतला.

"हिच्यात पाणी पाह्यलंय का कधी?"

"कुत्रे पाह्यले. दुपारचे झोपतात थंडाईत."

मी वरच्या अंगाला गेले. त्या आठवड्यात टेकडीवरची आमची पाण्याची टाकी धुणं चालू होतं. धुण्याचं पाणी नाल्यात सोडतात. नाल्याचं पात्र ओलं होतं. ते ले-आऊटच्या भरावापर्यंत येत होतं आणि तिथे संपत होतं. डबकं नव्हतं, चिखल नव्हता. दगडांच्या फटींमध्ये पाणी शिरलं होतं आणि पुढे काही नव्हतं. माझी नाली तिथून पन्नास पावलं बाजूला, कोरडी ठणठणीत.

मग मला हरळी दिसली. मे महिन्यात सगळा ले-आऊट भाजून पांढरा पडलेला असताना भरावापासून खाली एक हिरवा पट्टा गेला होता. हातभर रुंद, वाकडातिकडा. तो रिकाम्या प्लॉटांवरून गेला, रस्त्याच्या डांबरातल्या भेगेतून पलीकडे निघाला, एका कुंपणाच्या भिंतीखाली शिरला. भिंतीच्या मागे नवं घर होतं. घराच्या मागच्या अंगणातून पट्टा पुन्हा बाहेर पडला होता. मी गावनकाशाची प्रत उघडली. नकाशावरच्या नाल्याच्या रेघेला जसं वळण होतं, हुबेहूब तसंच वळण त्या गवताला होतं.

पण ती रेघ मी या जागी मांडली नव्हती. नकाशावर नाल्याच्या वळणाशी जुन्या अक्षरात 'आसरा' लिहिलेलं आहे. आसरा म्हणजे पाण्याच्या देवता, शेंदूर लावलेले सात दगड. ते नेहमी पाण्याच्या काठावर असतात. आमच्याकडे कोणतंही लहान पोर ते सांगेल. तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात मी आले तेव्हा सगळीकडे सपाट मुरूम पसरलेला होता, पण सात दगड ओळीने उभे होते. मी त्यांच्यापासून मोजणीचा फिता लावला आणि नाल्याची जागा ठरवली. दगड आता त्याच जागी, छोट्याशा देवळात आहेत. नालीच्या अगदी काठाला.

मी मुकादमाला विचारलं, "ह्या आसरा आधीपासून इथंच आहेत ना?"

"नाही ना मॅडम. मुरूम टाकला तवाच हलवल्या. पहिले थ्या तिकडे होत्या, थे घर हाय ना, तिथीसा. ले-आऊटवाल्यानं पूजा करून, वाजतगाजत इकडे बसवल्या. जेवण होतं. बुंदी होती. तुमाले नोतं का बलावनं?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कुठं? आन् देवाचं काम, त्याच्यात हापिसाचं काय?"

त्याचं बरोबर होतं. अर्ध्या गावाने तिथे जेवण केलं होतं. लपवाछपवी कुणीच केली नव्हती. देव हलवला हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या देवापासून मोजमाप घेतलं हे फक्त मला माहीत होतं.

उरलेल्या नाल्या तशाच सोडून मी त्या घराकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. ते बंदच होत नव्हतं, चौकट एका बाजूला कलली होती. घरात साठीच्या बाई होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या धामणगाव बढ्याच्या. नवऱ्याला लकवा झाला म्हणून दवाखाना जवळ पडावा, यासाठी तिकडचं शेत विकून त्यांनी हा प्लॉट घेतला होता. नवरा पुढच्याच खोलीत बुटक्या पलंगावर पडलेला. वाचा गेलेली, उजवा हात तेवढा चालत होता.

मी कोण ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "बरं झालं आल्या. आमची फरशी बोलते, मॅडम."

"कधीपासून?"

"चार दिस झाले. मी पोराले फोनवर सांगतलं तर म्हणे, आई तू एकली राहून येडी व्हऊन राह्यली. पण मले मागून ऐकू येते. याइले पहिले ऐकू येते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पलंगाखालच्या फरशा ओल्या नव्हत्या, पण थंड होत्या. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्या फरशांवर पाय ठेवला की तळव्यांतून गारवा वर येत होता. मी बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवत गेले. दाराजवळच्या भरीव लागल्या. पलंगाच्या खालच्या सगळ्या पोकळ वाजल्या.

मी टाकीवरच्या व्हॉल्व्हमनला फोन केला. "पाणी आत्ता बंद आहे ना? मग आता पूर्ण सोडा."

"पूरं? मॅडम, उगीच बोंबलतील लोक पाणी वाया गेलं म्हून."

"माझं नाव सांगा. सोडा."

मुकादमाला मी कोरड्या नालीपाशी उभं केलं आणि घरात येऊन स्टुलावर बसले. बाईंनी पंखा बंद केला. दुपारचे बारा वाजत आले होते. त्या उन्हात ले-आऊटमध्ये पाखराचाही आवाज नव्हता. मी घड्याळाकडे पाहत होते. बाई नवऱ्याच्या हाताकडे पाहत होत्या.

नऊ मिनिटं झाली आणि त्याची तर्जनी वर उठली.

मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हणणार होते तसं. बाईंनी मला हातानेच थांबवलं. मग खूप खोल, कुणीतरी घोट घेतल्यासारखं झालं. एकदा. पुन्हा एकदा. नंतर ते पलंगाच्या डोक्याकडून पायाकडे सरकत गेलं, दगडावर दगड घासल्याचा बारीक कडकड आवाज करत. उशाजवळच्या स्टीलच्या तांब्यातलं पाणी थरथरलं. तांब्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. बोट वरच होतं. मग मागच्या भिंतीखालून आवाज निघून गेला आणि त्याने बोट खाली ठेवलं.

फोनवर मुकादम म्हणाला, "हिकडे काहीच नाही मॅडम. कुत्रा उठला न् परत झोपला."

मी मनात हिशेब लावला. टाकी धुण्याचं पाणी म्हणजे काहीच नाही. तीन पावसाळे टेकडीचं पाणी या भरावाच्या आतून वाट काढत होतं आणि दर वर्षी माती घेऊन जात होतं. वरती राहिला होता तो फरशीचा आणि मुरमाचा नुसता पापुद्रा. पहिला जोराचा लोंढा आला की ही खोली खाली बसणार होती आणि या खोलीत एक माणूस होता, ज्याला उठून पळता येत नाही.

मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. हेही सांगितलं की नाला कुठे आहे ते ठरवताना चूक माझी झाली.

त्यांनी नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "म्हंजे आमी नाल्यात घर बांधलं?"

"हो."

"आन् तुमी म्हटलं का बांधा."

"हो."

"मंग आता रडू काय? सांगा, याइले कुठं नेऊ?"

नगरपरिषदेच्या शाळेला सुट्ट्या होत्या. संध्याकाळपर्यंत एक वर्ग झाडून घेतला. चार सफाई कामगारांनी पलंगासकट त्यांना उचललं आणि टेम्पोतून नेलं. मुकादमाने एकही विनोद केला नाही. मग मी कार्यालयात बसून मुख्याधिकाऱ्यांसाठी टिपणी लिहिली. नाल्याची जागा चुकीची दाखवली आहे, मोजणी मी केली, खातरजमा केली नाही, नाहरकत रद्द करावी, नाला खुला करावा. त्यांनी वाचून विचारलं, "हे 'मी' सगळीकडे कशाला लिहिलंत? 'मोजणीत तफावत आढळली' म्हटलं तरी चाललं असतं. चौकशी लागेल तुमच्यावर."

"घर पाडायचंय साहेब. बाईंना भरपाई कुणाकडून मागायची ते कागदावर दिसलं पाहिजे."

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन ले-आऊटवर गेले. जेसीबी आठला येणार होता, त्याला रेघ लागणार होती. भरावापासून मी चुना टाकत निघाले, हरळीच्या मधोमध. प्लॉट, रस्ता, कुंपण. बाई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी घर रिकामं केलं होतं आणि सवयीने झाडूनही काढलं होतं. मी उंबऱ्याशी थांबले. त्या म्हणाल्या, "या, या. चपला राहू द्या पायात."

मी आत गेले आणि पुढच्या खोलीत, पलंगाच्या पायांचे चार डाग होते त्यांच्या मधून, मागच्या भिंतीपर्यंत पांढरी रेघ ओढली.