‘ठाऊक नाही’ असं छापणारी बाई

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत आमच्या स्वयंपाकघरात वाल सोलत बसले होते. फोन ठाण्याहून, तिच्या खोपटच्या शेजारणीचा. सकाळचा चहा झाला, ताई पेपर वाचायला बसल्या आणि तशाच बसून राहिल्या, एवढंच ती सांगू शकली. माणूस गेल्यावर जे मनात यायला हवं ते माझ्या मनात कधी वेळेवर येत नाही. पहिला विचार आला तो असा, की कुठल्या बातमीवर एवढी चिडली असेल ही... रडू त्यानंतर आलं.

कुमुद माझी नणंद. लग्नानंतर काही वर्षं मी तिला ‘वन्सं’ म्हणत अहोजाहो करायची. मग एका भांडणात तोंडातून ‘कुमुद’ निघून गेलं आणि तेच राहिलं. सरहद्दीवरची गावं, युद्धातली माणसं, साधू-महंत यांच्यावर तिने साध्या माणसांना वाचता येतील अशी इतिहासाची पुस्तकं लिहिली. वाचनालयात तिच्या पुस्तकांची बांधणी सुटलेली असायची, म्हणजे ती वाचली जायची.

तिच्या शोकसभेपासून माझं डोकं फिरलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. सभागृहाबाहेर मोठा फलक होता. त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि कुमुद कोपऱ्यात, वाटीएवढी. पहिल्या वक्त्याने तिला ऐतिहासिक कादंबरीकार करून टाकलं. तिने जन्मात एक कादंबरी लिहिली नाही. दुसरे म्हणाले, इतिहासाच्या ध्यासापायी कुमुदताईंनी संसार केला नाही, त्या तपस्विनी होत्या. लग्न तिने केलं नाही, कारण बघायला येणारा प्रत्येक मुलगा बोलत राहायचा आणि हिने ऐकत बसायचं, आणि पुढेही हे असंच चालणार हे तिला कांदेपोहे संपायच्या आत कळायचं. आणि तपस्विनी पत्त्यांत चोरी करते का? ही दर दिवाळीत करायची. तिसऱ्याने जेव्हा ‘त्यांच्या लेखणीतून साक्षात इतिहास बोलत असे’ असं सुरू केलं, तेव्हा मी सरळ उठून चहाच्या टेबलाकडे गेले. इतिहास आपण होऊन बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं, आणि नाहीच बोलला तर तसं वाचकाला सांगावं लागतं, यात तर तिचा जन्म गेला.

मला तरी हे कुठे आधीपासून कळत होतं म्हणा. मी त्या घरात आले ती इतिहास घेऊन बी.ए. झालेली, नायलॉनची साडी नेसणारी, कादंबऱ्या वाचून वाचून डोळ्यांत कायम चांदणं भरलेली मुलगी. कुमुद शाळेत भूगोल शिकवायची. मला वाटायचं, बिचारीला इतिहास मिळाला नाही म्हणून सुट्टीत एस.टी.ने कुठल्या कुठल्या गावांत जाऊन धूळ खाते. आपण हिला मार्गदर्शन करावं, असं मी मनाशी अगदी ठरवलं होतं. एकदा ती मला बरोबर घेऊन गेली. दोन जुन्या राज्यांच्या मधोमध सापडलेलं गाव, आता तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी उंच टाचांच्या चपलांनी पडक्या तटावर चढले आणि पदर वाऱ्यावर सोडून उभी राहिले, जसं काही खालून येणारं सैन्य माझ्याकडेच बघणार होतं. कुमुद खाली एका म्हातारीच्या ओट्यावर बसून तिच्या घरात चालत आलेल्या गोष्टी ऐकत होती. या बाजूची फौज आली की भाकऱ्या कोणी थापायच्या, त्या बाजूची आली की धान्य कुठे पुरायचं... परत येताना ती म्हणाली, “राजधानीत इतिहास घडतो, वहिनी. सरहद्दीवर तो जेवायला येतो.” मी तेव्हा तुटलेली चप्पल हातात धरून चालत होते, त्यामुळे या वाक्याची थोरवी माझ्या लक्षात आली नाही.

तिच्या पुस्तकात त्या गावाच्या प्रकरणात किल्लेदाराची बायको येते. किल्ला पडल्यावर तिचं काय झालं याचा कुठेच पत्ता लागत नाही. कुमुदने तसंच लिहिलं, ‘पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही.’ मला हे म्हणजे पुरण न घालता पोळी वाढल्यासारखं वाटलं. मी एका दुपारी बसून ती उणीव भरून काढली. बुरूज, चांदणं, बाईचा उडणारा पदर आणि तिच्या हातात निरांजन. एवढ्या वाऱ्यात निरांजन कसं तेवत राहिलं, हा प्रश्न काही मला पडला नाही. कुमुदने ते सगळं जेवताना घरादाराला वाचून दाखवलं. सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला. “पदर छान उडालाय गं वहिनी,” ती म्हणाली. “पण हा वारा कुठून आणलास?” मी अबोला धरला. पण अबोला धरला आहे हे तिच्या लक्षातच येईना, तेव्हा मलाच तो सोडावा लागला.

तिची एक पद्धत होती. पुस्तक छापायला देण्याआधी ते ज्या गावाचं असेल तिथे जाऊन ती मोठ्याने वाचायची. देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे. लोक मधेच तोडायचे, भांडायचे, आणि तिला तेच हवं असायचं. कल्याणला खाडीकडच्या एका आळीत लग्नाचा मांडव अजून उतरवला नव्हता, तर तिने त्यातच वाचन केलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, की बाई, एवढी लढाई झाली आणि आमच्या घराण्याचं नाव नाही, हे काही बरोबर नाही, एक तरी सरदार आमचा घाला. “घालते की,” कुमुद म्हणाली. “लढणाऱ्यांत जागा उरली नाही, पळालेल्यांत आहे. चालेल?” मांडव हसला, गृहस्थही हसले, आणि त्यांनीच आम्हाला घरी नेऊन जेवायला घातलं. पुढे युद्धातल्या माणसांवरच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. निवेदिका शौर्यगाथा, शौर्यगाथा करत राहिली, तेव्हा कुमुदने माइक हातात घेऊन सांगितलं, की यातलं सगळ्यात मोठं प्रकरण छावणीत पाव भाजणाऱ्या माणसावर आहे, त्याने कुणाला मारलं नाही, पाव मात्र करपू दिले नाहीत.

आणि आता मूळ संतापाकडे येते. जाण्याआधी तिने सगळ्या पुस्तकांचे हक्क माझ्या नावावर केले होते. माझा मुलगा अभय शिकलेला, व्यवहार कळणारा, त्याला का नाही, असं मी विचारलंही होतं. “अभय समजूतदार आहे,” ती म्हणाली होती. “मला भांडकुदळ माणूस हवं.” शोकसभेनंतर थोड्याच दिवसांत प्रकाशकांचा तरुण संपादक फळं घेऊन घरी आला. मानपाड्याकडे एक लहानसा मठ आहे, त्याच्या जुन्या स्वामींवर कुमुदचं पुस्तक आहे. त्याची नवी आवृत्ती काढायची, माझी फक्त संमतीची सही हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्वामी एकाएकी मठ सोडून गेले आणि वर्षभराने परत आले. शिष्य म्हणतात, हिमालयात तपाला गेले होते. कोणी म्हणतं भूमिगतांना लपवत होते, कोणी म्हणतं आजारी होते, कोणी म्हणतं मन उडालं होतं. कुमुदने प्रत्येकाचं म्हणणं मांडलं, त्यात कुठे काय जुळत नाही तेही सांगितलं आणि शेवटी लिहिलं, ‘स्वामी कुठे होते, मला ठाऊक नाही.’ नव्या आवृत्तीत ते सगळं प्रकरण गायब. त्या जागी हिमालय, गुहा, बर्फ आणि स्वामींसमोर शांतपणे बसलेला वाघ. मुखपृष्ठावर नाव कुमुदचं.

मी विचारलं, वाघ कोणी बसवला? तो जरा लाजून म्हणाला, मी. मी म्हटलं, छान बसलाय. त्याला ती शाबासकी वाटली. मग तो समजावून सांगू लागला, की आजी, वाचकांना उत्तर लागतं, कोडं आवडत नाही, शिवाय मठ उत्सवात हे पुस्तक वाटणार आहे, म्हणजे कुमुदताईंचं नाव घरोघरी जाईल. खरं सांगते, त्या पोरावर मला फार राग येईना. माझं चांदणं आठवत होतं. पण माझं चांदणं जेवणाच्या ताटावर हसण्यावारी गेलं, याचा वाघ एका मेलेल्या बाईच्या नावाने छापला जाणार होता. जिने भर मांडवात कुणाचा एक सरदार घालून घेतला नाही, तिच्या तोंडी आता काहीही घाला, ती थोडीच उठून विचारणार आहे, हा वारा कुठून आणलात म्हणून. शोकसभेत हार घालायचा आणि बाहेर येऊन तिने लिहिलेलं पुसायचं... ही कुठली श्रद्धांजली?

अभय म्हणाला, “आई, सही नाही केलीस तर पुस्तक बंद पडेल. जुनं आहे तसं आता कोणी छापत नाही. एका प्रकरणापायी आत्याचं बाकीचं पुस्तकही जाईल, त्याचं काय?” हे मला लागलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. एक खोटं प्रकरण पोटात घेऊन पुस्तक जगवायचं, की आहे तसं मरू द्यायचं? कुमुद असती तर तिला क्षणभरही विचार करावा लागला नसता, मला मात्र बरेच दिवस लागले. मग मी प्रकाशकांना कळवलं, की जसंच्या तसं छापणार असाल तर सही, नाहीतर नाही. त्यांनी पुस्तक बंद केलं. आजीबाई हट्टी आहेत असं ते सगळीकडे सांगतात, ते खरं आहे.

खोपटची तिची खोली अजून पुरती आवरून झालेली नाही. मी अधूनमधून जाऊन बसते. खिडकीतून एस.टी.चा डेपो दिसतो. कुमुद लिहायला बसायची ती खुर्ची खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. गाड्यांवरच्या पाट्या दिसल्या की हातातलं टाकून कुठेतरी जावंसं वाटतं, म्हणायची. गेल्या आठवड्यात तिथेच असताना दार वाजलं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात माळ, मानपाड्याहून आलेला, मठाचा भक्त. आत येतानाच म्हणाला, “स्वामींचं पुस्तक तुम्हीच अडवलंत ना, आजी?” मी म्हटलं, हो, मीच. बसा, काय अडवलं ते आधी वाचा. घरात खुर्ची ती एकच. त्यात त्याला बसवलं आणि जुनी प्रत हातात दिली. तो ओळींवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचत होता. मी भांडणाची तयारी करून पलंगाच्या कडेवर बसले होते.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. “म्हणजे बाईंनापण नाय सापडलं?”

“नाही.”

“शोधलेलं का पण त्यांनी?”

मी सांगितलं, मठातल्या त्या वेळच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी ती जाऊन आली होती. तो मग म्हणाला, “आमचा आजा गेलेला त्या वर्षी स्वामींसोबत. परत आला आणि मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलला नाही. आजी विचारायची तर ताटावरून उठायचा.” मग त्याने भिंतीकडे बघत म्हटलं, “हिमालयात गेला असता ना, तर गावभर सांगत फिरला असता तो.”

 त्याने पुस्तक मिटलं नाही, पान उलटून मागे गेला आणि ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला, डेपोकडे पाठ करून. मी चहा टाकायला उठले.