कंबर वाचवणारं मशीन

ग्रामीण रुग्णालयात मी वॉर्डातली बाई होते, सिस्टरच्या हाताखालची. पेशंटला उचलायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं आमच्या कंबरेवर. माझी तर अशी झाली होती की वाकले की वाकलेलीच राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी एक झटका बसला तर तुम्हीच या खाटेवर याल." मी खाटेवर आले तर मला उचलणार कोण, हीच धास्ती.

अशात वरून नियम आला. पेशंट हातांनी उचलायचा नाही, मशीनने उचलायचा. मागोमाग मशीनही आलं. चाकांवर लोखंडी खांब, त्याला लोंबता कापडी झोळा. छानच होतं. पण आमच्या वॉर्डांचे उंबरठे उंच, साप आत येऊ नयेत म्हणून मुद्दाम केलेले. चाकं काही त्यावर चढेनात. बायांचा वॉर्ड वेगळा, पुरुषांचा वेगळा, मशीन एकच. मग काय, आम्ही चौघी ते उचलून इकडून तिकडे न्यायचो. माणसाहून जड.

मी सिस्टरला म्हटलं, "सिस्टर, याले उचलाचं मशीन कधी येईन?"

"गप वं. नियम आहे," ती म्हणाली. तिचाही एक हात कंबरेवरच होता.

एकदा तलावावर मासे धरणारा एक म्हातारा आला, पाय मोडलेला. गावच्या चौघांनी त्याला त्याच्याच बाजेवर घालून खांद्यावरून आणलेलं. मी झोळा पुढे केला.

"मले काय धानाचं पोतं समजली का? काट्याले टांगून राह्यली."

"राहू द्या बाई, आमी आहो ना," त्याचा मुलगा म्हणाला. आणि चौघांनी बाजेसकट म्हातारा उचलून दवाखान्याच्या खाटेवर ठेवला. खाटेवर बाज, बाजेवर म्हातारा. पेशंटला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे नियमही मोडला नव्हता. डॉक्टर स्टुलावर चढून त्याला तपासायचे.

अन् नेमके तेव्हाच जिल्ह्याचे साहेब मशीन बघायला आले. म्हणाले, कुणाला तरी उचलून दाखवा. म्हाताऱ्याने वर बाजेची दोरी घट्ट धरली. बाकीच्या पेशंटांनी तोंडावर चादरी ओढल्या. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.

बसले मी झोळ्यात. साहेबांनीच मशीनचा दांडा फिरवला, माझे पाय जमिनीवरून सुटले आणि कंबरेत कट्टकन वाजलं.

साहेब घाबरून म्हणाले, "बाई, दुखतंय का?"

"नाई जी. किती दिवसांनी बरं वाटून राह्यलं. इतक्यात उतरवू नका."

साहेब दांडा धरून तसेच उभे. मागून सिस्टरने हळूच विचारलं, "होत आलं का वं? मले बी बसाचं आहे."